बशीला दिलेली संधी

'तुटक्या कपबश्यांपासून घरच्या घरी, सहज आणि मजेत करता येईल अशी शोभेची वस्तू' असा त्या लेखाचा मथळा होता. त्यातलं 'घरच्या घरी' तेवढं खरं निघालं. माझी अब्रू गेली ती आमच्याच इमारतीत गेली, त्यासाठी मला फाटकाबाहेर पाऊलही टाकावं लागलं नाही. 'सहज' आणि 'मजेत' या दोन शब्दांबद्दल मात्र तो लेख लिहिणाऱ्याला कुठेतरी गाठून मला जरा बोलायचं आहे.

डॉक्टरांनी रक्तदाब बघून सांगितलं होतं की हाताला काहीतरी छंद लावा, म्हणजे डोकं शांत राहील. ऑफिसात माझा हात दिवसभर शिक्के मारतो, पण तो छंद धरता येणार नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून हा लेख. कृती सोपी होती. फुटकी कपबशी टॉवेलात गुंडाळायची, वरून हातोडीने ठोकायची, तुकडे टाईल चिकटवायच्या मसाल्याने कुंडीवर बसवायचे, वाळले की मधल्या फटींत पांढरं सिमेंट भरायचं आणि ओल्या स्पंजाने पुसून घ्यायचं. एका दुपारचं काम, असं लिहिलं होतं. मला बरेच रविवार लागले, आणि त्यात एक टॉवेल, ओटा पुसायचा स्पंज आणि माझ्या डाव्या अंगठ्याचं नख कामी आलं. कुंडी तयार झाल्यावर बायको तिच्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, एखाद्या हॉटेलात मारामारी झाली आणि नंतर कुणीतरी तिथेच रोप लावलं असं दिसतंय. घरात ठेवायला तिने साफ नकार दिला, तेव्हा कुंडी जिन्याच्या वळणावर गेली.

जिन्याच्या वळणावरची वस्तू येणाऱ्याजाणाऱ्याला टाळता येत नाही. मालक शेजारी उभा असेल तर कौतुकही टाळता येत नाही. मी रोज संध्याकाळी पाणी घालायच्या निमित्ताने शेजारी उभा राहत असे. त्यामुळे आठवड्याभरात मला इमारतीत 'कलाकार' हे नाव पडलं. यात थट्टा किती आणि कौतुक किती हे बायकोला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला कळायला हा सगळा प्रकार घडावा लागला. भाजीवाला 'ताजी आहे' म्हणाला तर आपण जुडी चार वेळा उलटून बघतो, पण कुणी 'तुमच्या हातात कला आहे' म्हणालं की लगेच स्वतःचा हात निरखत बसतो.

आमच्या इमारतीच्या फाटकावरची नंबराची पाटी गंजून झडली होती. आमचा नंबर सात, त्यातला निम्मा आकडा गळून पडल्यामुळे आमची पार्सलं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एक नंबरमध्ये जात, आणि ते लोक त्यांतली नको असलेली तेवढी परत पाठवतात असा आमचा संशय होता. पहिल्या मजल्यावरचे विमा एजंट हे आमचे सेक्रेटरी. त्यांनी एकदा कुंडीसमोर थांबून सुचवलं की कलाकार, अशीच एक पाटी करून टाका. मी फुकट करतो म्हणालो. ते म्हणाले, ते ठीक आहे, पण कुठल्याही कामाला तीन ठिकाणची दरपत्रकं लागतात. फुकटचं असलं तरी सर्वांत स्वस्त तेच आहे हे कमिटीला कागदावर दिसायला हवं.

म्हणून मी दोन फरशीवाल्यांकडे जाऊन फुटक्या बश्या चिकटवायचा दर विचारला. पहिल्याने घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. दुसऱ्याने चांगल्या फरशीच्या दुप्पट दर सांगितला, कारण काम झाल्यावर लोक विचारतात हे कोणी केलं, आणि त्यात त्याचं नाव खराब होतं. कमिटीने तिन्ही कागद फिरवून फिरवून पाहिले आणि माझा दर बहुमताने मंजूर केला. तळमजल्यावरचे वीजखात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर तेवढे विरोधात होते. सर्वांत कमी दरवाला माणूस काम अर्धवट टाकून पळतो असा त्यांचा नोकरीतला अनुभव होता, आणि मी याच इमारतीत राहतो, पळून कुठे जाणार, हे त्यांना पटेना.

मग आकड्याशेजारी चित्र कसलं, यावर चर्चा झाली. सेक्रेटरींना उगवता सूर्य हवा होता. इंजिनियर म्हणाले धोक्याचं चिन्ह काढा, निदान विक्रेते तरी आत शिरणार नाहीत. बायकोचं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी तिने घरी सांगितलं की नुसता सात काढा, तोही ओळखू आला तर पुष्कळ. शेवटी पक्षी ठरला, कारण पक्ष्याबद्दल कुणाचंच काही मत नव्हतं.

जिन्याखाली मी एक खोकं ठेवलं आणि सगळ्यांना फुटकी भांडी त्यात टाकायला सांगितलं. खोकं भरलं, पण आमच्या लोकांना रंगाची भारी भीती. सगळं पांढरं. कडेला बारीक रेघ, फार तर एखादं गुलाबी फूल. काळ्या फरशीच्या तुकड्यावर मी पांढरा सात आणि पांढरा पक्षी बसवत आणला, तर जातायेता इंजिनियर विचारायचे, काय कलाकार, कोंबडी अंड्यावर कधी बसणार. ते मला फार लागलं. पक्ष्याच्या गळ्याला थोडा गडद निळा रंग मिळाला असता तर त्याला कोंबडी म्हणायची कुणाची छाती झाली नसती. तोही बशीचाच हवा होता, कारण कपाचा तुकडा गोलसर असतो आणि फरशीवर डुगडुगतो. बशीचा सपाट बसतो.

दुसऱ्या मजल्यावर हेडबाई राहतात. मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून त्या जिना उतरायला लागल्या की माणसं आपोआप भिंतीला लागून रांगेत उभी राहतात. त्यांच्याकडे गडद निळ्या, सोनेरी कडेच्या सहा कपबश्या होत्या. यजमानांनी हौसेने घेतलेल्या. ते होते तोवर त्या कपाटात राहिल्या. ते गेल्यावर हेडबाईंनी त्या बाहेर काढून रोजच्या वापरात आणल्या, कारण जपून ठेवण्यात काय मिळतं ते आता कळलं, असं त्या म्हणायच्या. त्या घासायचं काम मावशींकडे. मावशी इमारतीतल्या सात घरी भांडी घासतात, आमच्याही घरी. इतक्या वर्षांत त्या सहांपैकी एकीचाही टवका उडाला नव्हता.

एका रविवारी मी जिन्याखाली काम करत होतो, तेव्हा हेडबाईंनी मावशींच्या हाती माझ्यासाठी चहा पाठवला. निळ्या कपबशीतून. चहा कसा होता ते मला आठवत नाही. मी बशीकडे बघत होतो. नेमका तोच निळा होता.

मी कप खाली ठेवला आणि बशी स्टुलावर ठेवली. कडेला. म्हणजे ती पडावी असं माझ्या मनात होतं असं नाही. पडली असती तर माझा इलाज नव्हता, एवढंच. मी बशीला फक्त पडायची संधी दिली. मग कामात गर्क असल्यासारखा बसून राहिलो. वरच्या मजल्यावरची मुलं धडाधड उतरून गेली. स्टूल हाललं, बशी हालली नाही. मांजर आलं, बशी हुंगून गेलं. मग इंजिनियर आले, म्हणाले, अहो कलाकार, ती बशी पडेल, आणि त्यांनी ती स्वतःच्या हाताने आत सरकवली. मी त्यांचे आभार मानले. ते गेल्यावर ती पुन्हा कडेला आणली.

शेवटी स्टुलाला पाय लागेल अशा बेताने मी उठलो. लागला नाही. पुन्हा बसून पुन्हा उठलो. या वेळी बशी पडली, गोल गोल फिरली आणि धड राहिली. चांगल्या मालाचं हेच वाईट असतं. पण मी मनाशी म्हटलं, पडली ती पडलीच, आतून कुठेतरी तडकली असणार, आता हिच्यात चहा देणं धोक्याचं. आणि तिला टॉवेलात गुंडाळून हातोडी मारली. त्याच क्षणी लाज वाटली. त्याच क्षणी तुकडे काय सुरेख पडलेत असंही वाटलं.

संध्याकाळी वर जाऊन सांगायचं असं मी ठरवलं होतं. पण संध्याकाळी पक्ष्याचा गळा बसवण्यात वेळ गेला, आणि रिकामा कप मी आमच्या मोरीत इतर भांड्यांत ठेवून दिला. सकाळी मावशींनी तो घासला आणि विचारलं, "दादा, याची बशी कुठाय?"

"कपाबरोबरच ठेवली होती की," मी म्हणालो.

वाक्य किती सहज निघालं. लेखातला तो शब्द बहुतेक यासाठीच होता.

मावशींनी मोरी पाहिली, ओटा पाहिला, कचऱ्याचा डबा उलटा केला. मग वर जाऊन हेडबाईंना सांगितलं की बशी आपल्याकडूनच कुठेतरी गेली. हेडबाई जाऊ दे म्हणाल्या. त्या म्हणाल्या, पण इमारत म्हणेना. सेक्रेटरींना त्यांचा एक चमचा आठवला, कुणाला डब्याचं झाकण आठवलं, कुणाला एक पेला, जो बहुधा कधी नव्हताच. मावशी माणूस म्हणून चांगल्या आहेत, असं आधी म्हणून मग जे काही म्हणायचं ते प्रत्येकाने म्हटलं. सेक्रेटरींनी ठरवून टाकलं की तूर्त मावशींच्या हाती काचेचं, चिनी मातीचं काही द्यायचं नाही, आणि पाटीचा कार्यक्रम उरकला की दुसरी बाई बघायची. एका इमारतीतली सात घरं म्हणजे मावशींचं सगळंच. बायकोने मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं. मी म्हणालो, असं व्हायचंच. तिने कुंडीकडे पाहिलं होतं तसंच माझ्याकडे पाहिलं.

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही. मी एकदा खरंच सांगायला म्हणून हेडबाईंकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, पाटीचं उद्घाटन माझ्या हस्ते करायचं ठरलंय, मी हो म्हणाले आहे, या वयात हाताने नवीन काही शिकणारा माणूस मला आवडतो. मी त्यांच्या पडद्यांची तारीफ करून खाली आलो. मग तसली निळी बशी बाजारात शोधली. दुकानदार सुटी बशी देईनात, आणि तो निळा तर त्यांनी कुणी पाहिलेलाच नव्हता. मग गळा उकरून काढायला बसलो. कुंडीवरचे माझे तुकडे नुसत्या पाण्याने गळतात. पाटीवरचा हा एकच भाग असा बसला होता की छिन्नी वाकली. त्या गळ्यावर एका बाजूला सोनेरी कड तशीच चमकत होती. ती मी स्वतः निवडून तिथे लावली होती, उठाव येतो म्हणून.

उद्घाटनाला सगळी इमारत फाटकाशी जमली. पाटीवर चादर होती. मावशी ट्रे घेऊन मागे उभ्या होत्या, आणि ट्रेमध्ये कागदी कप होते. हेडबाईंनी चादर ओढली, टाळ्या पडल्या, आणि लगेच लोक पुढे सरून आपापले तुकडे ओळखू लागले. हा आमचा, ही आमची रेघ. इंजिनियरांनी आपल्या सेटमधला एक हिरव्या रेघेचा तुकडा ओळखला. तो सेट त्यांनी सेक्रेटरींना पाहुण्यांसाठी वापरायला दिला होता आणि परत आला तेव्हा त्यात एक कप कमी होता. आमच्याकडे आला तेव्हाच कमी होता, असं सेक्रेटरी म्हणाले. मग हा तुकडा खोक्यात कुणी टाकला, असं इंजिनियरांनी विचारलं. आवाज चढले. ते भांडण वाढावं, त्याला फाटे फुटावेत आणि सगळे घरी जावेत, अशी मी मनोमन प्रार्थना करत होतो.

हेडबाई चष्मा लावून पाटीजवळ गेल्या. त्यांनी पक्ष्याच्या गळ्यावर बोट ठेवलं आणि सोनेरी कडेवरून फिरवलं.

"ही कुठून आली?" त्यांनी विचारलं. भांडण जागच्या जागी थांबलं.

सेक्रेटरींनी उत्तर लगेच जुळवलं. सरळ आहे, मावशींच्या हातून फुटली आणि त्यांनी तुकडे गुपचूप खोक्यात टाकले, कलाकारांना काय कल्पना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काही बोलायचं नव्हतं, मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"असेल बाई," मावशी म्हणाल्या. "माझ्याच हातून फुटली असेल, आणि मला कळलं नसेल."

"मी फोडली," मी म्हणालो.

मग सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, याला म्हणतात मोठं मन, गरीब बाईसाठी आळ स्वतःच्या अंगावर घेतोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटीला पडल्या त्याहून जास्त. आणि मला, सांगायलाही जीभ रेटत नाही, त्या टाळ्या क्षणभर बऱ्या वाटल्या. बशीचं एक वेळ जाऊ दे, त्या क्षणाची लाज मला अजून वाटते.

मग मला माझाच गुन्हा शाबीत करावा लागला. मी स्टूल सांगितलं, कड सांगितली, मुलं आणि मांजर सांगितलं. लोक हसायला लागले. शेवटी इंजिनियर कपाळाला हात लावून म्हणाले, थांबा, ती बशी तर मी स्वतः आत सरकवली होती. हसणं विरलं. हेडबाईंनी मला एकच विचारलं, उरलेले तुकडे कुठे आहेत. मी स्कूटरच्या डिकीतून टॉवेल आणून त्यांच्यासमोर उघडला.

"मावशींनी तुम्हाला बशीबद्दल विचारलं होतं?"

"हो."

"तुम्ही काय सांगितलंत?"

मी सांगितलं. चपलांकडे बघत सांगितलं. अशी कबुली त्यांनी जन्मभर ऐकली असणार, पण ती देणारी मुलं लहान असायची.

मावशी ट्रे धरून तशाच उभ्या होत्या. "दादा, मी घरी जाऊन पिशवी दोनदा उलटी केली," त्या म्हणाल्या. "पोरीवर ओरडले. नंतर नंतर मलाच वाटायला लागलं, की आपल्या हातांचं आता काही खरं राहिलं नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. बायकोने पुढे होऊन त्यांच्या हातातला ट्रे घेतला.

हेडबाईंनी शिक्षा तिथल्या तिथे सांगितली. संध्याकाळपर्यंत सातही घरी जायचं, बाहेरून नाही, आत जाऊन, आणि प्रत्येक ठिकाणी म्हणायचं की बशी मी फोडली आणि मावशींशी खोटं बोललो. मी गेलो. सेक्रेटरींकडे ते वाक्य म्हणताना त्यांनी मला दोनदा अडवून सांगितलं की आपला तर मावशींवर कधीच संशय नव्हता. सात घरांमध्ये आमचंही होतं. बायकोने दार आतून लावून घेतलं आणि मला घंटा वाजवायला लावली. मी बाहेरच्या खोलीत उभा राहून सगळं वाक्य म्हटलं. तिने ते ऐकून घेतलं, बसा म्हणाली, आणि चहा दिला. स्टीलच्या पेल्यात.

मावशींची घरं टिकली. सेक्रेटरींचं तेवढं त्यांनी स्वतःहून सोडलं. पाटी फाटकावर आहे, पार्सलं नीट येतात, आणि गळा निळा असूनही सगळे पक्ष्याला कोंबडीच म्हणतात. मी कुणाकडेही गेलो तरी मला चहा आता स्टीलच्याच पेल्यात येतो.

हेडबाईंकडे मात्र अजून निळ्या कपातून मिळतो, त्याच, बिनबशीच्या. मावशी तो काठोकाठ भरून माझ्या हातात देतात. चटका बसतो, आणि ठेवायला जवळ काही नसतं. टेबल खोलीच्या पलीकडच्या टोकाला आहे, ते अलीकडे आणावं असं कुणाला वाटलेलं नाही. म्हणून मी तो कप दोन्ही हातांनी धरून बसतो, आणि मावशी येऊन माझ्या हातातून घेईपर्यंत सोडत नाही.